चौथ्या मिनिटाचा बुडबुडा

कोमोदोरोत वारा कधीच बंद होत नाही.
त्याला चाक नाही, दांडा नाही, सीट नाही.
म्हणून असेल, बंद होणाऱ्या वस्तूंबद्दल
इथली माणसं जरा जास्तच हळवी.

माझ्या टेबलावर तीन कंपन्या आहेत.
आठ इंची व्हॉल्व्ह, धातूची सीट, आंबट वायूसाठी.
आंबट नुसतं म्हणायला; जिभेचा काही संबंध नाही.
आधी सडक्या अंड्यांचा वास येतो,
मग वास येईनासा होतो,
आणि पळायचं असतं ते तेव्हा.

इटलीवाल्यांचा कॅटलॉग जाड, गुळगुळीत.
व्हॉल्व्हवर पडलेला उजेडसुद्धा
त्यांनी पारखून पाडलेला.
बुसानवाले दर सोमवारी पत्र धाडतात,
आणि किंमत अशी सांगतात की
आमचा हिशेबनीस ओराल्दो खुर्चीतून अर्धा उठतो.
तिसरे रोसारिओचे. एक शेड, अकरा माणसं,
लेटरहेडवरचा फोन नंबर पेनाने खोडून दुरुस्त केलेला.

मी तक्ता आखते.
किंमत. वजन. ओतीव की घडीव.
बोल्ट कुठल्या पोलादाचे.
सुटे भाग किती वर्षं मिळतील
(तिघांनीही वीस लिहिलंय;
वीस वर्षांनी तिघांतलं कोण असणार आहे
हे विचारायला रकाना नाही).

एव्हारिस्तो माते ओढत मागे येऊन उभा राहतो.
डावा कान त्याने तरुणपणी एका गळतीला दिला,
उजव्या कानाला स्क्रूड्रायव्हरची मूठ लावून
तो अजून व्हॉल्व्हच्या पोटातलं ऐकतो.
“नेलिदा,” म्हणाला, “एक रकाना राहिलाय.”
कुठला?
“पहाटे तीनचा.”
आणि पेला पुढे केला.
कडू होता. तो साखर घालत नाही.

दुपारी दाखले उघडले.
सीटची चाचणी: नायट्रोजनचा दाब,
नळीचं टोक पाण्याच्या पेल्यात,
आणि पाच मिनिटं कुणीतरी नुसतं बघत बसायचं.
इटली: शून्य. शून्य. शून्य. छापील.
बुसान: शून्य, आणि सहाही व्हॉल्व्हना
एकच वेळ, दहा वाजून चार मिनिटं,
जणू सहा जणांनी एकदम श्वास रोखला होता.
रोसारिओचा कागद हाताने लिहिलेला,
कोपऱ्यात बोटाचा काळा ठसा.
क्रमांक तीन, चौथं मिनिट, एक बुडबुडा.
खाली सही: इ. त्राव्हेर्सारो. आणि आणखी एक ओळ:
छोटा होता.

धातूच्या सीटला इतकं चालतं, नियमात बसतं.
पण नियमासाठी नाही मी तो कागद वर ठेवला.
आयुष्यात मी खूप शून्यं पाहिली आहेत,
बघत बसलेला माणूस क्वचित.

ब्वेनोस आयरेसहून फोन आला:
गळणारा व्हॉल्व्ह कसा निवडलात? तोही महाग?
मी म्हटलं, गळणारा नाही, मोजलेला.
पलीकडे बराच वेळ कोणी बोललं नाही.
मग, लेखी द्या.
दिलं. तीन पानं. वाऱ्याने दोनदा उडवली.

मार्चमध्ये लाकडी खोके आले.
विहिरींवरचे लोखंडी करकोचे मान घालत होते,
कुंपणापाशी दोन ग्वानाको उभे.
क्रमांक तीन आम्हीच बाकावर चढवला,
दाब दिला, पेला ठेवला
(एव्हारिस्तोच्या बायकोचा, काठावर निळी रेघ असलेला),
आणि दोघं त्याच्यासमोर बसलो
लहान मुलाला झोप लागते का ते बघावं तसे.
एक मिनिट.
दोन.
शेडचा पत्रा वाजत राहिला.
चार झाली. पाणी स्वच्छ.
एव्हारिस्तोने मला हाताने थांबवलं.

साडेचारला आला.
“उशीर केलास,” तो त्याला म्हणाला.
मी वहीत लिहिलं: क्रमांक तीन. साडेचार. एक.
मग पेन परत उघडून,
छोटा.